बर्नमध्ये सात खुर्च्यांची निवडणूक: बघायला बसण्याआधीची तयारी

स्वित्झर्लंडमध्ये पुढची संसदीय निवडणूक ऑक्टोबर 2027 मध्ये आहे. तिच्या पाठोपाठ डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात नवी संसद राजधानी बर्नमध्ये देशाचं सरकार निवडेल. सरकार म्हणजे सात जणांचं मंडळ, फेडरल कौन्सिल. तिथे पंतप्रधान नसतो. बहुमताचा दावा घेऊन कोणी राष्ट्रपती भवनावर जात नाही आणि मंत्र्यांची यादी कोणा एकाच्या खिशात नसते. सातही जणांना संसद एकेक करून, गुप्त मतदानाने निवडते आणि ते चार वेगवेगळ्या पक्षांचे असतात. चार वर्षांच्या मुदतीत अविश्वास ठराव आणून त्यांना घालवताही येत नाही, त्यामुळे जे काही व्हायचं ते त्या एका सकाळी होतं. राजकारणात रस असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाने ती सकाळ एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावी, असं मला मनापासून वाटतं. तयारी न करता बसलात तर मात्र कागद वाटणारी आणि गोळा करणारी माणसं सोडून काही हाती लागणार नाही.

आधी वेळ ठरवून टाका. हे मतदान प्रथेप्रमाणे बुधवारी होतं. मागचं 13 डिसेंबर 2023 ला झालं, त्याआधीचं 11 डिसेंबर 2019 ला. सभागृह सकाळी आठला भरतं. हिवाळ्यात भारत बर्नच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. जेवण आधी उरकून घ्या, कारण पुढचे काही तास उठणं जमणार नाही. थेट प्रक्षेपण जर्मनमध्ये एसआरएफवर, फ्रेंचमध्ये आरटीएसवर आणि इटालियनमध्ये आरएसआयवर असतं. यातली एकही भाषा येत नसेल तरी बिघडत नाही, कारण ऐकायचे असतात ते मुख्यतः आकडे.

त्यानंतर संख्याबळाचा तक्ता. राष्ट्रीय परिषदेचे 200 आणि राज्य परिषदेचे 46 असे 246 सदस्य त्या दिवशी राष्ट्रीय परिषदेच्या सभागृहात एकत्र बसतात. ऑक्टोबरचा निकाल लागला की लगेच तक्ता पक्का करू नका. राज्य परिषदेच्या काही जागांची दुसरी फेरी नोव्हेंबरमध्ये होते, तोवर आकडे हलत राहतात. हात बसावा म्हणून आधी 2023 चा तक्ता करून बघा. दोन्ही सभागृहं मिळून स्विस पीपल्स पार्टी (एसव्हीपी) 68, सोशल डेमोक्रॅट (एसपी) 50, डी मिटे हा मध्यममार्गी पक्ष 44, उदारमतवादी एफडीपी 39, ग्रीन 26 आणि ग्रीन लिबरल 11. उरलेले छोट्या पक्षांचे. आता शेजारच्या रकान्यात मंत्रिमंडळातल्या जागा लिहा: एसव्हीपी 2, एसपी 2, एफडीपी 2, मिटे 1, ग्रीन शून्य. मिटेचे खासदार एफडीपीपेक्षा पाचने जास्त आणि खुर्ची मात्र एक कमी. मतांच्या टक्क्यात एफडीपी किंचित पुढे होती, 14.3 विरुद्ध 14.1. 2027 चं सगळं भांडण या दोन रकान्यांत आहे, म्हणून हा तक्ता मोठ्या अक्षरांत काढा.

ही वाटणी कुठून आली, याची एक ओळ तक्त्याखाली हवी. 1848 मध्ये सातही खुर्च्या एकाच उदारमतवादी गटाकडे होत्या. 1959 मध्ये 2-2-2-1 अशी वाटणी झाली, तिला तिथे ‘जादूचं सूत्र’ म्हणतात. हे सूत्र कुठल्याही कायद्यात नाही, ते केवळ समजुतीवर चालतं. 2003 मध्ये क्रिस्टोफ ब्लोखर यांनी रुथ मेत्सलर यांची जागा घेतली आणि एक खुर्ची मध्यममार्ग्यांकडून एसव्हीपीकडे गेली. पदावर असलेल्या मंत्र्याला संसदेने घरी पाठवलं, असं 1848 पासून चारच वेळा घडलं आहे: 1854, 1872, 2003 आणि 2007.

यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम पुढचं, आणि बहुतेक लोक तेच विसरतात. खुर्च्यांचा क्रम लिहून काढा. मतदान सातही जागांसाठी एकदम होत नाही, एकेका खुर्चीसाठी वेगळं होतं. पुन्हा उभे राहिलेले मंत्री आधी येतात, तेही सेवाज्येष्ठतेने. ज्यांनी निवृत्ती घेतली त्यांच्या रिकाम्या जागा सर्वांत शेवटी. दिसायला हा निव्वळ कामकाजाचा नियम, पण कोण कोणाला किती दुखवू शकतं हे यावरच ठरतं. ज्याची खुर्ची आधी पार पडली त्याचे हात मोकळे होतात. ज्याची शेवटी आहे त्याला सकाळभर सगळ्यांशी सांभाळून वागावं लागतं.

2007 चा क्रम मांडून बघा म्हणजे पटेल. ब्लोखर यांची पाळी पाचवी होती. तोवर सोशल डेमोक्रॅटांचे मोरिट्झ लॉयनबर्गर आणि मिशलिन काल्मी-रे हे दोघेही निवडून आले होते, त्यामुळे त्यांच्यावर सूड उगवायला एसव्हीपीकडे काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत एव्हलिन विडमर-श्लुम्फ यांना 125 मतं पडली, ब्लोखर यांना 115. त्या एसव्हीपीच्याच होत्या, पण पक्षाने त्यांना उभं केलं नव्हतं आणि त्या खासदारही नव्हत्या. ग्राउब्युंडन या कँटनच्या, म्हणजे तिथल्या एका राज्याच्या, सरकारात मंत्री होत्या. एक रात्र विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निवड स्वीकारली. पुढे एसव्हीपीने त्यांची कँटनची अख्खी शाखाच पक्षाबाहेर काढली.

आता 2027 चा क्रम. एप्रिल 2025 पासून असलेले सातही जण पुन्हा उभे राहिले, तर तो असा असेल: गी पार्मलँ, इग्नात्सिओ कास्सिस, कारिन केलर-सुटर, आल्बर्ट रोस्टी, एलिझाबेथ बोम-श्नायडर, बेआट यान्स, मार्टिन फिस्टर. म्हणजे एफडीपीच्या दोन्ही जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर, एसपीच्या पाचव्या आणि सहाव्या, मिटेची एकमेव जागा शेवटची. एफडीपीची खुर्ची ओढायची असेल तर एसपी आणि मिटे या दोघांनाही आपली माणसं अजून रांगेत असताना ते करावं लागेल. यातलं कोणी पायउतार झालं तर सगळा क्रम बदलतो, त्यामुळे हे पान पेन्सिलीने लिहा.

फेऱ्यांचे नियम पाठच असू द्या, ते थोडकेच आहेत. निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. कोऱ्या आणि बाद चिठ्ठ्या धरत नाहीत. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणाचंही नाव लिहिता येतं, उमेदवारी अर्ज वगैरे लागत नाही. दुसऱ्या फेरीपासून दहापेक्षा कमी मतं पडली की तो बाद. तिसऱ्या फेरीपासून नवं नाव चालत नाही आणि दर फेरीला सर्वांत कमी मतांचा एक गळतो, तळाला बरोबरी असली तर मात्र नाही. हे कागदावर दोनदा सोडवून बघा. डिसेंबर 2008 मध्ये तिसऱ्या फेरीत वैध मतं 243 होती, म्हणजे बहुमत 122. उएली माउरर यांना बरोबर 122 पडली, हान्सयोर्ग वाल्टर यांना 121. डिसेंबर 2022 मध्ये बोम-श्नायडर तिसऱ्या फेरीत 123 मतांवर आल्या, बहुमतही तेवढंच होतं. एफा हेर्त्सोग 116 वर थांबल्या.

उमेदवारांच्या पानावर प्रत्येक पक्षाची अधिकृत नावं लिहा. आजकाल एका रिकाम्या जागेसाठी पक्ष बहुधा दोन नावं देतो आणि दुसऱ्या पक्षांचे गट त्यांना बंद दाराआड बोलावून प्रश्न विचारतात. त्याच पानावर अर्धी जागा कोरी ठेवा, कारण संसद अधिकृत नावांना बांधलेली नाही. 1973 मध्ये एकाच दिवशी तीन रिकाम्या जागांवर तिन्ही अधिकृत उमेदवार पडले. 1983 मध्ये एसपीने लिलियान उख्टेनहागेन यांना उभं केलं होतं. त्या निवडून आल्या असत्या तर देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या असत्या, पण संसदेने त्याच पक्षाच्या ऑटो श्टिख यांना निवडलं. पहिली महिला मंत्री, एलिझाबेथ कोप, त्यानंतरच्या वर्षी आली. मार्च 1993 मध्ये पुन्हा तेच झालं: क्रिस्टियान ब्रुनर यांना डावलून फ्रान्सिस माते यांची निवड झाली. या वेळी लोक गप्प बसले नाहीत. संसदेसमोरच्या चौकात बायकांचा मोठा जमाव उभा राहिला, माते यांनी आठवड्याने निवड नाकारली आणि 10 मार्चला रुथ ड्रायफुस मंत्री झाल्या. या निवडणुकांच्या इतिहासात मला हा आठवडा सर्वांत मोलाचा वाटतो.

राज्यसभेच्या निवडणुकीत आपल्या आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तिथे तसं नाही. कोणी कोणाचं नाव लिहिलं हे कधीच कळत नाही आणि खासदारांनी कोणाच्या आदेशाशिवाय मत द्यावं असं राज्यघटनाच सांगते. म्हणून मतं फुटली की कोणाची, याचा अंदाज तक्त्यावरूनच बांधावा लागतो. एसव्हीपीने मात्र स्वतःपुरता बंदोबस्त केला आहे: पक्षाने न दिलेल्या उमेदवाराने निवड स्वीकारली तर तो पक्षाबाहेर.

भाषा आणि प्रदेशाचाही एक रकाना ठेवा. राज्यघटना सांगते की प्रदेश आणि भाषांना योग्य प्रतिनिधित्व मिळावं. 1999 पर्यंत एका कँटनचा एकच मंत्री असा कडक नियम होता, तो जनमताने गेला. कास्सिस 2017 मध्ये आले तेव्हा तिचिनो या इटालियनभाषक कँटनला अठरा वर्षांनी मंत्री मिळाला होता. त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणाऱ्याला म्हणूनच ‘मग इटालियन बोलणारं कोण?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. 2019 मध्ये ग्रीनच्या रेगुला र्युट्झ त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि 82 विरुद्ध 145 अशा हरल्या.

आदल्या रात्रीच्या बातम्या वाचा, पण त्यावर विसंबू नका. त्या रात्रीला तिथे ‘लांब सुऱ्यांची रात्र’ म्हणतात. संसदेला लागून असलेल्या बेलव्ह्यू हॉटेलात खासदार आणि पत्रकार उशिरापर्यंत बसलेले असतात.

सकाळी हाताशी आखलेला कागद हवा. प्रत्येक फेरीनंतर सभागृहाचे अध्यक्ष आकडे ठरलेल्या क्रमाने वाचतात: वाटलेल्या चिठ्ठ्या, परत आलेल्या, कोऱ्या, बाद, वैध, मग बहुमताचा आकडा आणि त्यानंतर नावं. तेवढेच रकाने पाडा. कोऱ्या चिठ्ठ्यांकडे नीट बघा. मंत्र्याची फेरनिवड सहज झाली तरी नाराजी तिथे आणि ‘इतर’ नावांच्या मतांत दिसते, आणि कोण कमी मतांनी आला याची चर्चा पुढे बरीच चालते.

शेवटची खुर्ची भरली म्हणून बंद करू नका. निवडून आलेला माणूस पुढे येऊन निवड स्वीकारतो की नाही ते सांगतो, मग शपथ होते. देवाच्या नावाने शपथ किंवा साधी प्रतिज्ञा, ज्याची त्याची निवड. त्याच दिवशी चॅन्सेलर (सरकारच्या कार्यालयाचे प्रमुख) आणि या सात जणांमधून देशाचे पुढच्या वर्षाचे अध्यक्ष, उपाध्यक्षही निवडले जातात. अध्यक्षपद एका वर्षाचं आणि फिरतं. खाती मात्र संसद वाटत नाही. सात जण नंतर आपापसात बसून ठरवतात, ज्येष्ठांना आधी विचारतात. 2023 मध्ये बोम-श्नायडर यांनी न्याय खातं सोडून गृह खातं घेतलं आणि नव्या यान्स यांच्याकडे न्याय खातं आलं. तिथल्या गृह खात्यात पोलीस नसतात, आरोग्य आणि पेन्शन असतात. तेव्हा वहीतलं एक पान या वाटपासाठी राखून ठेवा आणि पुढचे काही दिवस बातम्यांवर लक्ष असू द्या.