उत्पादन थांबलेल्या व्हॅनची किंमत कशी लावायची

अमेरिकेत वापरलेल्या गाड्यांची किंमत लावण्याच्या कामात नव्याने आलेले बरेच जण मॉडेल बंद झालं की सरसकट आकडा खाली आणतात. मला हे पटत नाही. भाव उतरतो तो ‘उद्या पार्ट्स मिळतील का’ या पुढच्या मालकाच्या धास्तीने, आणि ही धास्ती प्रत्येक व्हॅनला सारखी नसते.

निसानची एनव्ही व्हॅन घ्या. मिसिसिपीतल्या कँटनच्या कारखान्यात बनायची. 2011 मध्ये आली, 2021 मध्ये थांबली. पिकअपसारख्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली, दणकट गाडी. तरीही लिलावात बोली लावणारे कमीच. गाडी सुमारे 20 फूट लांब, पण पुढे लांबलचक बॉनेट असल्यामुळे सामानाला जेमतेम 10 फूट उरतात. लांबीही एकच; फोर्डच्या ट्रान्झिट व्हॅनसारखी निवड नाही. शिवाय प्लंबिंग किंवा इलेक्ट्रिकच्या कंपन्यांना ताफ्यात एकसारख्या गाड्या लागतात, म्हणजे जुनीतले अवजारांचे रॅक काढून नवीत बसवता येतात. नवी एनव्हीच मिळत नाही म्हटल्यावर ते रॅक वाया जातात. इंजिनाची चिंता त्या मानाने कमी, कारण 5.6 लिटरचं व्ही8 टायटन पिकअपमध्येही होतं. घोडं अडतं ते सरकतं दार, काच, हेडलाइट यांच्यापाशी. ते फक्त एनव्हीचेच.

फोर्डच्या ई-सीरिजची बंद बॉडीची व्हॅनसुद्धा 2014 मध्ये थांबली. पण तिची चासी आणि पुढची केबिन बॉक्स ट्रक, रुग्णवाहिकांसाठी ओहायोत बनत राहिली, त्यामुळे पुढच्या भागाचे पुष्कळ पार्ट्स मिळतात. दोन्ही ‘बंद’, पण एकाच मापाने मोजू नका.

आकडा लिहिण्याआधी पार्ट्स काउंटरला फोन करून दार आणि बंपर मिळतो का, केवढ्याला, ते विचारा. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतली गाडी असेल तर खाली वाकून चासी बघाच. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे मुरतं आणि गंज धरतो.

मग गिऱ्हाइकाचा विचार करा. स्वतः पाना हातात घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराला तेच लांब बॉनेट सोयीचं वाटतं. शेवरले एक्स्प्रेस व्हॅनचं इंजिन अर्धंअधिक केबिनमध्ये शिरलेलं असतं, आतलं झाकण काढल्याशिवाय हात पोचत नाही. एनव्हीचं सगळं इंजिन समोर. अशा कंत्राटदाराला हाय रूफची, म्हणजे उंच छपराची एनव्ही दाखवा. आत ताठ उभं राहून काम करता येतं, आणि तेवढ्यासाठी तो चार पैसे जास्त द्यायला तयार होतो.