घडीची सायकल विमानात घालण्याआधी

सायकलच्या दुकानात जाण्याआधी मेजपट्टी घेऊन हँगरमध्ये जा. घडीची सायकल घेताना माणूस गिअर बघतो, रंग बघतो, दोन चकरा मारून बघतो. ती छोट्या विमानातून न्यायची असेल तर हे सगळं नंतर, आधी विमानाच्या दाराचं माप.

इथे अमेरिकेत क्लबचं सेस्ना 172 हे चार सीटचं छोटं विमान भाड्याने घेऊन शनिवार-रविवारी उडणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत, आणि सगळ्यांची अडचण एकच. छोट्या धावपट्टीवर उतरलं की गाव दोन-चार मैलांवर असतं आणि बाहेर रिक्षा उभी नसते. मिशिगनमधल्या मॅकिनॅक बेटावर तर टॅक्सीसुद्धा घोड्याची. तिथे 1898 पासून मोटारींना बंदी आहे. माथेरानला दस्तुरीला गाडी सोडून आत जातो तसंच, फक्त इथे भोवती ह्युरॉन सरोवराचं पाणी. बेटाला वळसा घालणारा एम-185 हा साधारण 13 किलोमीटरचा राज्य महामार्ग आहे आणि त्यावर सायकली, घोडे आणि पायी चालणारे एवढेच. घडीची सायकल घेण्यासाठी याहून चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही, म्हणून खालची तयारी मॅकिनॅक डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतो.

तर दार. 172 चं सामानाचं दार डाव्या अंगाला असतं. रुंदी सव्वापंधरा इंच, उंची पुढच्या कडेला 22 आणि मागच्या कडेला 21. आता सायकलींकडे या. लंडनमध्ये बनणारी ब्रॉम्प्टन, 16 इंची चाकांची, घडी केल्यावर साधारण साडेचौसष्ट बाय साडेअठ्ठावन्न बाय 27 सेंटिमीटर. इंचात सांगायचं तर पंचवीस-साडेपंचवीस, 23 आणि साडेदहाच्या जरा वर. जाडीची चिंता नाही, पण 23 इंच उंची 22 च्या दारातून सरळ जाणार नाही. तिरकी करून घालायची, नाहीतर पुढची सीट सरकवून केबिनच्या दारातून मागच्या सीटवर ठेवायची. 20 इंची चाकांच्या डॅहॉन किंवा टर्नची घडी याहून मोठी, जाडीच 13 ते 16 इंचांच्या घरात. म्हणजे काही मॉडेल सामानाच्या दारातून जातील, काही दारातच अडकतील. (डॅहॉन काढणारे डेव्हिड हॉन मुळात ह्यूजेस एअरक्राफ्टमध्ये लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. विमान कंपनीतून आलेल्या माणसाने आमच्या दाराचा थोडा विचार करायला हरकत नव्हती.) पूर्ण मोठ्या चाकांच्या घडीच्या सायकली चालवायला उत्तम, पण 172 मध्ये त्यांचा नाद सोडा.

कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका. पुठ्ठ्याचा खोका त्या मापाला कापून चिकटवा आणि दारातून घालून बघा. वीस मिनिटांचं काम आहे. मागच्या सीटची पाठ कुठे आड येते, खोका आत गेल्यावर फिरवता येतो का, हे त्यातच कळतं. आत गेलेली वस्तू बाहेरही काढता आली पाहिजे, हेही तेव्हाच बघून घ्या.

मग वजन. साधी ब्रॉम्प्टन मॉडेलप्रमाणे 11 ते साडेबारा किलो, टायटॅनियमची साडेसात किलोच्या आसपास, पण किंमत ऐकून खाली बसाल. माझं मत विचाराल तर 172 साठी टायटॅनियमवर पैसे घालवू नयेत. दोन माणसं पुढे आणि मागे कुणी नाही, अशा भरणीत हे विमान मुळात नाकाकडे जड असतं. मागे 50-60 पौंड पडले तर तोल उलट सुधारतो आणि उतरताना योक, म्हणजे विमानाचं हँडल, ओढायला हलका जातो. हिशेब मात्र कागदावर करा. 172एस या मॉडेलमध्ये पुढच्या सीटचा आर्म, म्हणजे ठरलेल्या शून्यरेषेपासूनचं अंतर, 37 इंच, मागच्या सीटचा 73, पहिल्या सामानकप्प्याचा 95. दोन सायकली मिळून 54 पौंड धरल्या तर कप्प्यात त्यांचा मोमेंट, म्हणजे वजन गुणिले आर्म, 5130 पौंड-इंच, मागच्या सीटवर 3942. दोन्ही सामानकप्पे मिळून मर्यादा 120 पौंडांची आहे, त्यात तुमच्या पिशव्या, दोऱ्या, तेलाचे डबेही आले. विमान जुनं असेल किंवा पायपर आर्चरसारखं दुसरं छोटं विमान असेल तर आकडे त्याच्याच पुस्तिकेतले घ्यायचे.

मॅकिनॅकला इंधन मिळत नाही, हे वजनाच्या हिशेबात विसरू नका. परतीचं पेट्रोल बरोबर न्यायचं किंवा मुख्य भूमीवर कुठेतरी थांबून भरायचं. 172एस च्या टाक्या काठोकाठ भरल्या तर वापरण्याजोगं 53 गॅलन, म्हणजे 318 पौंड. सायकलीसह चार माणसं हा विचार तिथेच संपतो.

बॅटरीची सायकल नको. प्रवासी विमानात 160 वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेऊ देत नाहीत, आणि सायकलची बॅटरी सहज 300 च्या पुढे असते. आपल्या सेस्नात तपासायला कुणी येत नाही, पण धूर झाला तर केबिन तेवढीशीच आहे. शिवाय मॅकिनॅकला इलेक्ट्रिक सायकलींवर कडक निर्बंध आहेत.

गिअर मात्र हवेत. विमानतळ बेटाच्या मधोमध, उंचावर आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून 580 फुटांच्या आसपास, धावपट्टी 740 फुटांवर. जाताना उतार असल्यामुळे कुणालाच काही वाटत नाही. जेवण झाल्यावर तीच 160 फुटांची चढण 16 इंची चाकांवर चढायची असते. तीन गिअर किमान, सहा असतील तर सुख. आणि ब्रेक आदल्या दिवशी घरीच तपासा.

आता बांधणं. सायकल सोलापुरी चादरीत गुंडाळा. चेनचं काळं क्लबच्या सीटला लागलं की पुढच्या बैठकीत त्याचीच चर्चा. बाहेर आलेलं पॅडल दुमडा, हँडलची टोकं प्लास्टिकच्या भिंतीला टेकत नाहीत ना बघा. मग सामानाच्या जाळीचे पट्टे कडीत अडकवून ताणा, आणि हाताने जोरात हलवून पाहा. हललीच तर पुन्हा बांधा. मागच्या सीटवर ठेवली असेल तर सीटचा पट्टा फ्रेमच्या आतून घ्या. डॅहॉन आणि टर्नच्या बऱ्याच मॉडेलमध्ये घडी धरून ठेवायला लोहचुंबक असतो, त्यामुळे ती पुढे, होकायंत्राजवळ कधीच ठेवू नये. मागे असली की प्रश्न येत नाही.

टायरमधली हवा काढू नका. 8000 फुटांवर बाहेरचा दाब जमिनीपेक्षा साधारण 4 पीएसआयने कमी असतो. 80-100 पीएसआय भरलेल्या टायरला तेवढ्याने काही होत नाही, आणि खाली उतरून छोट्या पंपाने हवा भरत बसण्यात अर्धा तास जातो.

बेटाकडे जाताना शेवटचे काही मैल पाण्यावरून आहेत. लाइफ जॅकेट अंगावर किंवा हाताशी, सायकलीच्या खाली नाही. पुढच्या सीटांमधला अग्निशामकही मोकळा हवा. सामानाचं दार कुलूप लावून बंद केलंय हे फिरून एकदा बघा.

बरोबरच्या पिशवीत हेल्मेट, कुलूप, पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक जादा ट्यूब. 16 इंची ब्रॉम्प्टनची ट्यूब प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. मडगार्ड असलेलीच सायकल घ्या, वजन वाढलं तरी. रस्त्यावर दिवसभर घोडे चालतात आणि पाऊस पडून गेल्यावर मागच्या चाकावरून पाठीवर काय उडतं ते वेगळं सांगायला नको.