सोनकी पाहायची असो की कुंडीत लावायची, या चुका टाळा

श्रावण सरला की साताऱ्याच्या पश्चिमेचे उतार पिवळे व्हायला लागतात. यवतेश्वरचा घाट, कास, ठोसेघर, चाळकेवाडी, पुढे पाटणचे डोंगर, सगळीकडे सोनकी. डेझीसारखं दिसणारं हे छोटं रानफूल सह्याद्रीचंच आहे, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो: कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी फुलं, मधोमध नळीसारखी. तिच्या बाबतीतल्या बहुतेक चुका प्रेमापोटी होतात, म्हणून त्या लवकर लक्षातही येत नाहीत.

कुंडीत लावली आणि गेली

सगळ्यात जास्त तक्रार हीच. आधी एक स्पष्ट सांगतो: कासवरून रोप किंवा बी आणायचं नाही. तिथे फूल तोडायलाही मनाई आहे. गावाकडे तुमच्या स्वतःच्या माळावर किंवा बांधावर सोनकी असेल, तर तिथलंच थोडं बी घ्या, आणि तेही फुलं वाळून पांढरी म्हातारी सुटायला लागल्यावर.

आता कुंडीतली माती. सांगलीकडे कृष्णाकाठची काळी माती सहज मिळते, त्यात शेणखत घालून कुंडी भरली जाते. गुलाबाला हे चालतं, सोनकीला नाही. ती उतारावर, मुरमाड जमिनीत वाढते. तिथे पाऊस धो धो पडला तरी पाणी थांबत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात. मग पानं पिवळी दिसली की आपण अजून पाणी घालतो! अशा वेळी पाणी बंद करा आणि कुंडीचं भोक बुजलंय का ते आधी पाहा. पुढच्या खेपेला निम्म्याहून जास्त मुरूम किंवा जांभ्याचा चुरा घाला. खत नकोच. नत्र जास्त झालं की पाला माजतो, झाड लोळतं आणि फुलं कमी येतात.

बी खोल पुरू नका, वरवर टाकून नुसतं दाबा. पेरणी पावसाच्या तोंडावर करा. जागा उन्हाची हवी, ग्रिलच्या आतल्या सावलीत ती नुसती उंच आणि किरकोळ होते.

आणि पाऊस संपल्यावर ती वाळली तर घाबरू नका. पावसाबरोबर उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि वाळायचं, हाच तिचा क्रम आहे. वाळलेल्या झाडाला पाणी घालून ते परत हिरवं होत नाही. कुंडी तशीच ठेवा, माती उकरू नका. पडलेलं बी पुढच्या पावसात उगवू शकतं.

पिवळं दिसलं की सोनकी नव्हे

कासवर सोनकीच्या आसपासच कवला फुलतो. त्याचं फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं, वर दोन लाल ठिपके. हा फरक एकदा कळला की गोंधळ होत नाही. कारळा मात्र फसवतो, कारण तोही सूर्यफुलाच्याच कुळातला. तो मुळात इथिओपियाच्या डोंगराळ भागातला, आपल्याकडे शेतात पेरलेला असतो. झाड उंच, आणि पानं बहुतेक समोरासमोर जोडीने. सोनकीची पानं एकाआड एक येतात. चटणी होते ती कारळ्याची. सोनकीचा कुठलाही भाग तोंडात घालू नका. ती ज्या सेनेसिओ वंशात मोडते, त्यातल्या बऱ्याच वनस्पतींत यकृताला घातक असणारी अल्कलॉइड्स असतात. कुणी घरगुती औषध म्हणून काढा सुचवला तरी नको.

कासला जाताना

ऑगस्टच्या सुरुवातीला जाऊन ‘काहीच नव्हतं’ म्हणू नका. सोनकीचा भर साधारण सप्टेंबरात असतो, आणि पावसाप्रमाणे मागेपुढे होतो. शनिवार-रविवार टाळा. पायवाट सोडून फुलांत बसून फोटो काढू नका: बी धरायच्या आत झाड तुडवलं की त्या जागी पुढच्या पावसात काय उगवणार? मोबाइलवर पिवळा रंग फटफटीत येत असेल, तर फुलावर टॅप करून उजेड थोडा कमी करा.

कॉसमॉसचं बी डोंगरावर टाकू नका

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. रस्त्याकडेला केशरी-पिवळा कॉसमॉस दिसतो, पानं खोलवर कातरलेली. तो मेक्सिकोचा. दिसायला छान, बी भरपूर, म्हणून हौसेने गोळा करून पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावर उधळलं जातं. तो दाट वाढतो आणि सोनकी, तेरड्यासारख्या बुटक्या झाडांचं ऊन अडवतो. कास 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं ते इथल्या मूळच्या वनस्पतींमुळे. तिथे बाहेरच्या फुलांची भर नको.

तुमच्या शेताच्या कडेला कॉसमॉस आला असेल, तर फुलं उमलायला लागताच मुळासकट उपटा. काळं बी धरल्यावर उपटलात तर हलवताना तेच खाली सांडतं.