चार तासांतले मधले दोन : डायलिसिसच्या खाटेशेजारी केलेला नर्सिंगचा अभ्यास

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला मी दोनदा बसले. पहिल्यांदा नापास झाले नाही, पण यादीत नाव यावं इतके गुणही पडले नाहीत. दुसऱ्यांदा नाव लागलं. मधल्या वर्षात आईचं डायलिसिस चालू होतं, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे तिचं रक्त मशीनने गाळून घ्यावं लागायचं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यातच आजी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. घरात आजारपण आणि समोर प्रवेश परीक्षा, अशा कात्रीत सापडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझं जे चुकलं, ते तुमचं चुकू नये एवढाच हेतू.

पहिली चूक डोक्यातली होती. मला वाटायचं, आपलं घर म्हणजे वॉर्डच आहे. बीपी मोजता येतं, शुगर तपासता येते, औषधांची नावं तोंडपाठ आहेत. म्हणजे मी अर्धी सिस्टर झालेच आहे. नेमकं त्याच विषयांत माझे गुण गेले.

एका सराव चाचणीत प्रश्न होता : मधुमेहाचा रुग्ण बेशुद्ध पडलेला आढळला, तुमची पहिली कृती कोणती? पर्यायांत साखरेचं पाणी दिसलं आणि मी क्षणाचाही विचार न करता त्यावर खूण केली. आमच्याकडे तेच करत आलो होतो. आईला दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की साखरेचं पाणी द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे बरोबरच आहे, पण शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या माणसासाठी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी श्वसनमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का ते पाहायचं, मदत बोलवायची. ग्लुकोज मग शिरेतून जातं, नाहीतर रक्तातली साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनचं इंजेक्शन दिलं जातं. आमची आई कधी बेशुद्ध झाली नव्हती, त्यामुळे माझं ज्ञान तिच्या थरथरत्या हातांपाशीच संपत होतं.

दुसरा घोळ जास्त फसवा होता. घरी १५० च्या आत बीपी आलं की आम्ही खूश व्हायचो. वर्षभर असं खूश होत राहिल्यावर परीक्षेत १४८/९४ हा आकडा मला ठीकच वाटला. आजारी माणसाच्या सहवासात ‘नॉर्मल’ नावाची रेघ नकळत सरकते. म्हणून निरोगी प्रौढ माणसाचे आकडे मी शाळेतल्या पाढ्यांसारखे घोकले : नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, उपाशीपोटी शुगर ७० ते ९९, रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘घरी काय होतं’, उजवीकडे ‘पुस्तक काय म्हणतं’. परीक्षेत उजवी बाजू लिहायची. डावी बाजू लक्षात राहायला मदत करते, तिचं काम तेवढंच.

पण ती मदत फार मोठी असते, हेही खरं. मूत्रपिंडाचा धडा माझ्या बरोबरीच्या मुली रडत-रडत पाठ करत होत्या. मला त्यातली प्रत्येक ओळ कुठे ना कुठे भेटलेली होती. मूत्रपिंडात एरिथ्रोपॉएटिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि त्याच्या सांगण्यावरून हाडांच्या मगजात तांबड्या पेशी बनतात. आईचं हिमोग्लोबिन का घसरतं आणि तिला ते इंजेक्शन का देतात, ते कळल्यावर हा लांबलचक शब्द मी पुन्हा विसरले नाही. पोटॅशियम साठलं की हृदयाची लय बिघडते, हे पाठ करावं लागलं नाही. फळांतूनही पोटॅशियम जातं, म्हणून दोन डायलिसिसच्या मधली सुट्टी मोठी असली की आम्ही सगळे फळांकडे संशयाने बघायचो.

प्रश्नोत्तरांची कार्डं मी जाड कागदाची केली होती. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आईचा फिस्च्युला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हाताला. त्या हातात दोन सुया, त्यामुळे चार तास तो हलवायचा नाही. उजवा हात मोकळा. मोकळ्या हाताने ती कार्ड उचलायची, चष्म्यातून बारीक डोळे करून प्रश्न वाचायची, आणि माझं उत्तर चुकलं की कार्ड पोटावर उलटं टाकायची. चुकलेल्यांचा ढीग पांघरुणावर साठत जायचा. एकदा तिने वाचलं, “दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला किती गाळतात?” मी म्हटलं, “साधारण १२५ मिलिलिटर. म्हणजे दिवसाला १८० लिटर.” कार्ड खाली न ठेवता ती म्हणाली, “आणि माझी?”

मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेलं की मूत्रपिंडाच्या आजाराचा शेवटचा टप्पा, हे मला माहीत होतं. तिचा आकडा तर त्याहूनही बराच खाली होता. मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, “सांग की. पुढे दुसऱ्या कुणी विचारलं तर अशीच गप्प बसणार आहेस का?” मग मी सांगितला. तिने मान हलवली आणि पुढचं कार्ड उचललं.

आता वेळेबद्दल, कारण खरी ओढाताण तिथेच होते. चार तास मोकळे मिळाले म्हणजे चार तास अभ्यास झाला, असं होत नाही. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास वजन, बीपी, सुया, मशीन लावणं यात जातो. शेवटच्या तासात बीपी उतरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा तुमची जागा पुस्तकात नसते. मधले दोन तास आपले. त्यातही मशीन मधूनच वाजत असतं, म्हणून तिथे गणितं किंवा नवा धडा घेऊ नका. तुटक-तुटक केलं तरी पुढे सरकणारं काम घ्या. कार्डं, आकृत्यांना नावं देणं, जुन्या चुका. अवघड काम मी घरी परतल्यावर करायचे. डायलिसिसनंतर आई गळून झोपायची, ते दोन तास घर शांत असायचं. झोपायला मलाही आवडलं असतं, आणि आठवड्यातून एकदा मी झोपायचेच. त्याचा अपराधीपणा वाटून घेऊ नका.

वेळापत्रक सात दिवसांचं करू नका. मी चार दिवसांचं केलं आणि तीन दिवस मुद्दाम कोरे सोडले. आजी पडली तेव्हा तेही कोलमडलं. ऑपरेशननंतर ती स्वतःहून कुशीवर वळत नव्हती आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. रात्रभर दोन-दोन तासांचे गजर. त्या तीन आठवड्यांत मी एकही नवा धडा उघडला नाही. फक्त रोज वीस जुनी कार्डं फिरवली. शिकलेलं सगळ्यात वेगाने निसटतं ते सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत. १८८५ मध्ये एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून हे दाखवलं होतं. त्यामुळे नवं काही जमत नसेल तर जुनं धरून ठेवा. आज पाहिलेलं कार्ड उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. तीन आठवड्यांनी परत बसले तेव्हा मी मागे पडले होते, पण शून्यावर आले नव्हते.

गणिताबद्दल थोडं खरमरीत लिहिते, कारण “नर्सिंगला गणित कशाला” असं म्हणणारे मला फार भेटले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा उभी करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या, म्हणजे संख्याशास्त्राच्या संस्थेच्या, पहिल्या महिला सदस्य होत्या. दिवा आठवतो सगळ्यांना, तक्ते कुणालाच आठवत नाहीत. पहिल्या परीक्षेत माझे सर्वात जास्त गुण गेले ते एककांत. ग्रॅमचे मिलिग्रॅम, मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम, हजाराने गुणायचं की भागायचं यात. सूत्र येत असून उत्तर हजारपट चुकतं. आधी सगळं एकाच एककात आणायचं, मगच सूत्राला हात लावायचा.

गणित अंगवळणी पडलं ते वजनकाट्यामुळे. दोन डायलिसिसच्या मधे आईचं वजन अडीच किलो वाढलं, म्हणजे अंगात साधारण अडीच लिटर पाणी साठलं. ते मशीनने ओढून काढायचं : २,५०० मिलिलिटर, चार तास, ताशी ६२५. मी मनात आकडा काढायचे आणि मशीनवर बघून ताळा करायचे. सलाईनचं गणितही तसंच : १,००० मिलिलिटर ८ तासांत द्यायचं, नळी अशी की २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. २०,००० थेंब भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. उत्तर आलं की मनात ते थेंब मोजून बघा. मिनिटाला ४०० थेंब आले तर चुकलंय हे सांगायला शिक्षक लागत नाहीत. आणि आतापासून एक सवय लावा : अर्धा लिहिताना ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, आणि एक लिहिताना १.० लिहायचं नाही. टिंब दिसलं नाही तर पहिल्याचे पाच होतात आणि दुसऱ्याचे दहा.

आता घरच्यांचं. “तू नर्सच होणार आहेस ना, मग तूच कर” हे वाक्य आमच्याकडे आत्याने आणलं आणि बघता बघता ते सगळ्यांच्या सोयीचं झालं. आजीचा बेडपॅन मी, आईची औषधं मी, रात्रीचे गजर मी. दादा वाईट नाही, पण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका रात्री आम्ही कडाडून भांडलो आणि सकाळी कागद घेऊन बसलो. वाराप्रमाणे नावं लिहिली. शनिवारचं डायलिसिस दादाचं, रात्रीचे दोन गजर बाबांचे. दादाने पहिल्यांदा कूस बदलली तेव्हा आजी ओरडली, तो घाबरला; तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा नीट करायला लागला. कामाची वाटणी प्रवेश मिळाल्यावर करू, असं म्हणू नका. एकदा कोर्स सुरू झाला की बुडालेल्या तासाच्या नोट्स कुणाकडून तरी मिळतात, वॉर्डातली बुडालेली ड्युटी भरून काढणं फार जड जातं. प्रवेश घेण्याआधीच हजेरीचे नियम विचारा, आणि घरी असं-असं आहे हेही सांगून ठेवा.

कागदपत्रांत एक गोष्ट हमखास राहते : लस. बऱ्याच ठिकाणी हेपटायटिस बीच्या लसीची नोंद मागतात. तिचे तीन डोस असतात, नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. यादी लागल्यावर धावपळ करून सहा महिने मागे जाता येत नाही.

मुलाखत असेल तर “नर्सिंगच का?” हा प्रश्न येणारच. पहिल्या वेळी मी आईची सगळी कहाणी सांगितली, सांगता सांगता रडले. त्यांनी पाणी दिलं, छान वागले, आणि पुढे काही विचारलंच नाही. रडले म्हणून नव्हे. माझ्या उत्तरात आई होती, नर्सिंग कुठेच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी एकच प्रसंग सांगितला. आई मशीनवर होती आणि सारखी जांभया देत होती. मला वाटलं, रात्री झोप झाली नाही. पलीकडच्या खाटेकडे निघालेली सिस्टर दोन पावलं मागे आली, म्हणाली, “कधीपासून जांभया येताहेत?” आणि बीपी घेतलं. वरचा आकडा ८८. मशीन अजून वाजलंही नव्हतं. तिने पाणी ओढणं थांबवलं, डोकं खाली, पाय वर केले, थोडं सलाईन सोडलं. आईला कळलंही नाही काय झालं ते. “मी शेजारीच बसले होते आणि मला जांभई दिसली, तिला बीपी दिसलं, ते बघायला शिकायचंय,” एवढं म्हणून थांबले. त्यानंतर त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, काहींची उत्तरं मला आलीही नाहीत.

दुसरी परीक्षा नेमकी डायलिसिसच्या दिवशी आली. वार शनिवार नव्हता, म्हणून दादाने रजा टाकली. मी त्याला कागदावर सगळं लिहून दिलं : ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन), गोळ्या, डाव्या हाताला बीपी लावू द्यायचं नाही, जांभया मोजायच्या. फोन बंद करून तीन तास पेपर लिहिला. बाहेर येऊन फोन सुरू केला तर त्याचे चार मेसेज. मशीन वाजतंय. परत वाजलं. काय करू? आणि चौथा, पाच मिनिटांनंतरचा : काही नाही, आईच्या हाताखाली नळी दुमडली होती. मधले दोन तास मी काय करायचं असतं?

मी लिहिलं, पिशवीत कार्डं आहेत, वाच.