कयाकवरून दोन रॉड लावून ट्रोलिंग करताय? या चुका टाळा

ट्रोलिंग म्हणजे कयाक (छोटी, अरुंद होडी) वल्हवत, रॉडच्या लाइनला बांधलेलं नकली आमिष (लुअर) पाण्यातून मागे ओढत मासे पकडणं. एका रॉडवर हात बसला की माणूस दुसरा लावतो, वाटतं आता मासे डबल होणार. पहिल्या दिवशी डबल होतो तो फक्त गुंता. माझाही झालाय, आणि कयाकमध्ये बसून मांडीवर ब्रेडेड (विणलेल्या) लाइनचा गोळा घेऊन तो सोडवत बसणं, वाऱ्याने कयाक भलतीकडे चाललेली, दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हूक पँटमध्ये, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

एक गोष्ट लक्षात घ्या, कयाक सरळ चालू असेल तर दोन लाइनी मागे निवांत येतात. गोंधळ होतो तो लाइन सोडताना, वळताना आणि थांबताना.

आता सोडतानाची चूक. दोन्ही लुअर सारख्याच अंतरावर ठेवायचे नाहीत. खोल डुबकी मारणारा लुअर जवळ, १५-२० मीटरवर, आणि वरच्या वर पोहणारा लांब, ३०-४० मीटरवर. म्हणजे जवळची लाइन खाली उतरते, लांबची तिच्यावरून जाते आणि चुकून एकीकडे सरकल्या तरी भेट होत नाही. आधी लांबचा टाका, रॉड होल्डरमध्ये ठेवा, रॉडचं टोक थरथरतंय ना बघा, मगच दुसरा. आणि हे सगळं कयाक चालू ठेवून, थांबलेल्या कयाकवरून टाकलं तर बुडणारा लुअर सरळ खाली जातो. अजून एक, पाण्यात सोडायच्या आधी प्रत्येक लुअर कयाकच्या बाजूने मीटरभर ओढून बघा. तो डावीकडे पळत असेल तर लाइन बांधतो ती कडी पक्कडीने किंचित, अगदी किंचित उजवीकडे वाकवा. वाकडा पळणारा लुअर एकटा असताना खपून जातो, जोडीला दुसरा असला की हमखास गुंता.

स्पीड साधारण ताशी ३ ते ५ किमी, फोनच्या जीपीएसवर बघा, अंदाजाने मारलं तर वाऱ्याच्या दिशेने जाताना आपण नकळत फास्ट जातो. पण मोबाईलपेक्षा रॉडचं टोक जास्त खरं बोलतं. एकसारखी थरथर म्हणजे लुअर नीट पोहतोय. थरथर बंद झाली आणि टोक जड होऊन वाकलं, तर गवत अडकलंय. तसंच पुढे जात राहिलात तर अर्धा तास गवताची फिशिंग. म्हणूनच होल्डर पुढे हवेत, नजरेसमोर, आणि रॉड बाहेरच्या बाजूला झुकवलेले, म्हणजे वल्हं आपटत नाही. मागच्या होल्डरमध्ये रॉड ठेवला की सारखी मान मोडून मागे बघावं लागतं.

वळताना घाई करू नका. मोठा गोल घ्या. वळणाच्या आतला लुअर स्लो होतो आणि बाहेरचा जोरात पळतो, आतला बुडणारा असेल तर तळाला जाऊन बसतो. यात फायदापण आहे, वळणावर आतल्या रॉडला दोन-तीनदा मासा लागला तर समजा आज त्यांना स्लो हवंय, सरळ जातानाही स्पीड उतरवा.

मासा लागला की सगळे वल्हं सोडून रॉडवर झडप घालतात, हीच सगळ्यात मोठी चूक. कयाक थांबली की दुसरी लाइन सैल पडते. दोन-तीन वल्ही अजून मारा, हूक नीट बसतो आणि दुसरा लुअरही चालत राहतो. मग रॉड उचला. लहान मासा असेल तर दुसरी लाइन तशीच राहू दे, पण मासा मोठा वाटला तर पहिली संधी मिळताच ती गुंडाळा. मी एकदा आळस केला, माशाने गोल चक्कर मारून दुसरी लाइनही स्वतःभोवती घेतली, शेवटी सुरी काढावी लागली, मासा गेला, लुअर गेला. रीलचा ड्रॅगही (लाइन सुटण्यावरचा ब्रेक) आवळून ठेवू नका, लुअरच्या ओढीने लाइन सुटणार नाही इतपतच टाइट ठेवा. नाहीतर होल्डरसकट रॉड पाण्यात. आणि रॉडला लीश (कयाकला जोडणारी दोरी) बांधा.

आता अडकण्याचं, इथे मस्करी नको. हूक दगडात किंवा झाडाच्या खोडात अडकला आणि प्रवाह किंवा वारा जोरात असला की लाइन कयाकला आडवी खेचते, त्या बाजूला वाकलात तर उलटलात. आधी रीलची बेल (लाइन अडवणारी तार) उघडून लाइन सैल सोडा, वल्हवत अडकलेल्या जागेच्या पलीकडे जा, उलट्या दिशेने ओढा. बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर कापा, लुअरचा मोह सोडा. त्यासाठी सुरी लाइफ जॅकेटवरच हवी, बॅगेत नाही, आणि जॅकेट अंगावर हवं हे वेगळं सांगत नाही.

तिसरा रॉड? माझं मत विचाराल तर हाव आहे. आणि बऱ्याच ठिकाणी माणशी किती रॉड चालतात याचा नियम असतो, तो आधी बघा.

परत येताना उथळ पाणी लागायच्या आधीच लाइनी काढा, आणि टाकल्याच्या उलट क्रमाने, जवळचा आधी, लांबचा नंतर. लांबचा आधी ओढलात तर तो जवळच्या लाइनला घासत येतो आणि किनारा दहा वल्ह्यांवर असताना पुन्हा तोच लाइनचा गोळा मांडीवर.