पुण्यात स्वारगेटला उतरलात? मंडईसाठी रिक्षा नको
तुळजापूर-धाराशिवकडून आपली एस्टी स्वारगेटला टेकली, की रिक्षावाले घेरतात. तुळशीबागेत किंवा दगडूशेठला जायचं असेल तर सरळ मेट्रोचा जिना उतरा. सप्टेंबर २०२४ पासून ही भुयारी मेट्रो चालू आहे आणि मंडई पहिलंच स्टेशन.

तिकीट म्हणजे क्यूआर छापलेला कागद. तो बाहेर पडतानाही लागतो, म्हणून पिशवीत कोंबू नका. आमच्या काकूंचा असाच चुरगळला. दार उघडेना आणि मागं ही रांग! सरकत्या जिन्याची भीती वाटली तर लिफ्ट आहे, लाजायचं नाही.

वर आलात की फुले मंडईची आठकोनी दगडी इमारत, पलीकडं तुळशीबाग, दगडूशेठही चालत. शनिवारवाड्याला मात्र पुढचं कसबा पेठ स्टेशन बरं. जिना चढण्याआधी भिंतीवरचा नकाशा बघा, नाहीतर चुकीच्या दारानं निघून उन्हात उगाच वळसा पडतो.

परतीला रेल्वे असेल तर जिल्हा न्यायालय स्टेशनात मेट्रो बदला आणि पुणे रेल्वे स्टेशनसाठी रामवाडीकडची गाडी धरा. तिथला भुयारी फलाट जमिनीखाली जवळपास ३३ मीटर, रामवाडीची लाइन वर पुलावरून. सोबत बोचकी असतील तर अर्धा तास हातचा ठेवा.