किती लोक येतील? एक नाही, तीन आकडे सांगा

चारशे जणांनी नोंदणी केली म्हणजे चारशे माणसं येणार, असं धरून कामाला लागणारे नवखे आयोजक मला सतत भेटतात. इव्हेंटच्या कामात अंदाज म्हणजे एक आकडा नसतो. कमीत कमी किती, बहुधा किती आणि अगदीच झुंबड उडाली तर किती, असे तीन आकडे काढायचे आणि कुठला निर्णय कुठल्या आकड्यावर घ्यायचा ते आधीच ठरवायचं. तिकिटांचं उत्पन्न सगळ्यात खालच्या आकड्यावर धरा. खुर्च्या, किट, जेवणाची ताटं मधल्या आकड्यावर. बाहेर पडायचे रस्ते, सुरक्षारक्षक, प्रथमोपचार मात्र सगळ्यात वरच्या आकड्यावर, तिथे काटकसर नको.

हे आकडे काढायचे कसे? मोफत कार्यक्रमात 'येतो' म्हणणारे बरेच जण येत नाहीत. तिसरा हिस्सा गळाला तरी मला नवल वाटत नाही. पैसे भरलेला माणूस सहसा येतो. नोंदणीचा वेगही बघा. बहुतेक लोक शेवटच्या काही दिवसांतच जागे होतात, त्यामुळे तीन आठवडे आधीचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. मागच्या तशाच कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना किती नोंदणी होती, त्याच्याशी तुलना करा. मागचा कार्यक्रमच नसेल, तर असा कार्यक्रम केलेल्या माणसाला गाठा. ऑफिसात बसून मनाने आकडा बांधण्यापेक्षा त्याची जुनी वही जास्त खरं सांगते.

आता नोंदणीच्या टेबलाकडे या, कारण चांगल्या कार्यक्रमाचा विचका बहुतेकदा इथूनच सुरू होतो. समजा चारशे लोक येणार आहेत. ते तासभर एकसारखे येत नाहीत. त्यातले अडीचशेच्या आसपास शेवटच्या अर्ध्या तासात येतात. २४० धरले तर मिनिटाला आठ. यादीत नाव शोधायला, सही घ्यायला, बॅज द्यायला माणशी ४५ सेकंद लागतात. आठ गुणिले ४५ म्हणजे ३६० सेकंदांचं काम दर मिनिटाला येऊन पडतं. सहा टेबलं लावली तर सगळी एक सेकंदही न थांबता चालायला हवीत; एकाचं नाव यादीत सापडलं नाही की रांग वाढली, आणि ती कार्यक्रम सुरू होईपर्यंत ओसरत नाही. म्हणून आठ टेबलं लावा. किंवा क्यूआर कोड स्कॅन करून काम माणशी दहा सेकंदांवर आणा, मग दोन-तीन टेबलांत भागतं. दोन्ही प्रकारांत एक टेबल बाजूला 'अडचण असलेल्यांसाठी' ठेवा, म्हणजे एकाच्या वादात मागचे पन्नास जण अडकत नाहीत. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी तो न करणारेच जास्त.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर हवामान आलंच. 'पावसाची शक्यता ३० टक्के' वाचून नवखा म्हणतो, पडणार नाही. मी आधी विचारते, छत टाकायला किती खर्च आणि पाऊस आला तर नुकसान किती? छताचा खर्च नुकसानीच्या एक पंचमांश असेल, तर शक्यता २० टक्क्यांच्या वर गेली की छत टाकायचं, ३० तर फारच झाले. शिवाय छतवाल्याला कधीपर्यंत सांगावं लागतं, ती तारीख आधी विचारून ठेवा. दहा दिवस आधीच्या अंदाजावर फार भिस्त ठेवू नये. पण छतवाल्याला तीन दिवस आधी सांगून चालणार असेल, तर तीन दिवस आधीचाच अंदाज बघा. विजांच्या बाबतीत मात्र हिशेब नाही: गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटं कोणालाही परत सोडायचं नाही.

तयारीला लागणाऱ्या वेळेचा अंदाज सगळ्यात फसवा. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर लिहिलं आणि त्याला 'प्लॅनिंग फॅलसी' हे नाव दिलं: माणूस स्वतःच्या कामाला नेहमी कमी वेळ धरतो, आधीची तशीच कामं लांबली होती हे माहीत असूनही. म्हणून 'स्टेज उभा करायला किती वेळ लागेल' असं विचारू नका. 'मागच्या वेळी किती लागला' असं विचारा. साउंडवाले दोन तास सांगतील. साउंड चेक, माइक बदलणं, लाइटवाल्यांशी वाद हे सगळं धरून रन शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या तपशीलवार वेळापत्रकावर, साडेतीन तास लिहा. रन शीटच्या प्रत्येक ओळीत वेळ, काम, जबाबदार माणूस आणि त्याचा फोन नंबर हवा. 'सगळ्यांनी बघायचं' असं लिहिलेल्या कामाकडे कोणीच बघत नाही.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी टीमला बसवून मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचा 'प्रीमॉर्टम' करून बघा. कार्यक्रम पार फसला आहे असं धरायचं आणि का फसला ते प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचं. बैठकीत गप्प बसणारा ज्युनिअर इथे लिहून जातो की मुख्य वक्त्याची गाडी कोणाच्या जबाबदारीवर आहे तेच कुठे लिहिलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दाराशी एकाला फक्त मोजायला उभं करा: दर पंधरा मिनिटांनी किती आले, किती गेले. संध्याकाळी सगळे दमलेले असतात, तरी त्याच रात्री आधी काढलेले तीन आकडे आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत 'मला वाटलंच होतं एवढे येतील' असं प्रत्येक जण म्हणायला लागलेला असतो.